सैन्य आणि नागरी संस्था मिळून अवकाशयान करतात तेव्हा घोडं कुठे अडतं?

बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी शॉप, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी धातूचे भाग कापणारा कारखाना, चालवणाऱ्या एका उद्योजकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "इस्रो उपग्रह करते, संरक्षण खात्यालाही उपग्रह लागतात. मग दोघांनी मिळून एकच यान का करू नये? खर्च निम्म्यावर येईल. माझी मुलगी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, अमेरिकेने हे करून हात पोळून घेतले. खरे काय? आणि दोन्हीकडचा संबंध असलेल्या एका कामाची चौकशी आमच्या शॉपकडे आली आहे. ते काम घ्यावे का?"

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. नोकरीचे आयुष्य बंगळूरला उपग्रहांच्या जोडणीत गेले, त्यातही इंटरफेसच्या कामात. एकाने केलेली पेटी दुसऱ्याने केलेल्या सांगाड्यावर बसते का, तिला पुरेशी वीज मिळते का, तिची उष्णता बाहेर पडते का, तिच्यामुळे शेजारच्या पेटीला त्रास होतो का, हे बघायचे. आता उद्यमबाग, माच्छे, होनगा, हत्तरगी या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना गुणवत्तेच्या कागदपत्रांत मदत करतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोके मी जवळून पाहिली आहेत.

सरळ उत्तर आधी देतो. मिळून काम करता येते. आपल्याकडे ते रोज होते आणि चांगले होते. फसते ते एका विशिष्ट परिस्थितीत: दोघांच्या गरजा एकाच यंत्रात कोंबल्या, आणि त्या गरजांची टक्कर झाल्यावर शेवटचा शब्द कोणाचा, हे कधी ठरवलेच नाही तर. तुमच्या मुलीने वाचलेले उदाहरण बहुधा अमेरिकेच्या हवामान उपग्रहांचे असावे. त्यावर जरा सविस्तर बोलायला हवे, कारण त्यात सगळे धडे एकाच ठिकाणी सापडतात.

अमेरिकेत ध्रुवांवरून फिरणारे हवामान उपग्रह दोन खाती उडवत होती. संरक्षण खात्याची डीएमएसपी ही मालिका १९६० च्या दशकापासून होती, आणि नोआ या नागरी हवामान संस्थेची आपली वेगळी मालिका होती. दोन्ही उपग्रह ढगच बघतात, मग दोन कशाला, हा तुमचाच प्रश्न तिथेही विचारला गेला. मे १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी दोन्ही मालिका एकत्र करण्याचा आदेश काढला. नवीन प्रकल्पाचे नाव एनपीओईएसएस. नोआ आणि संरक्षण खाते यांनी निम्मा निम्मा खर्च उचलायचा आणि नासाने तंत्रज्ञान पुरवायचे, अशी मांडणी झाली. कागदावर ती निर्दोष दिसत होती.

आता गरजा बघा. सैन्याला पहाटेच्या कक्षेतला उपग्रह हवा असतो. दिवसाची मोहीम सुरू होण्याआधी कुठे ढग आहेत, कुठे मोकळे आहे, हे त्यांना लगेच कळले पाहिजे. रात्री नुसत्या चांदण्यात ढग दिसले पाहिजेत, आणि चित्राच्या कडेलाही मधल्या भागाइतकीच स्पष्टता हवी. नोआला दुपारी दीडच्या सुमाराची कक्षा हवी. त्यांना चित्रापेक्षा हवेच्या वेगवेगळ्या थरांतले तापमान आणि बाष्प मोलाचे, कारण ते आकडे थेट अंदाजाच्या संगणकात जातात. नासाच्या शास्त्रज्ञांना हवामानबदल मोजायचा होता. म्हणजे संवेदकाचे कॅलिब्रेशन, त्याच्या मापाचा खरेपणा, इतके पक्के हवे की वीस वर्षांनंतरही त्यातला बारीक फरक विश्वासाने वाचता यावा. तिघांनाही "हवामान उपग्रह"च हवा होता, पण प्रत्येकाच्या मनातले यंत्र वेगळे होते.

या तिन्ही अपेक्षा व्हीआयआयआरएस नावाच्या एका संवेदकावर लादल्या गेल्या. प्रकाशलहरींच्या २२ पट्ट्यांत बघणारे हे यंत्र. सैन्यासाठी त्यात रात्रीचा खास पट्टा, समुद्राच्या रंगासाठी वेगळे पट्टे, ढगांसाठी वेगळे. मी स्वतः पेट्या जोडणारा माणूस आहे, त्यामुळे असे यंत्र बघितले की मला आधी कौतुक वाटते आणि लगेच काळजी वाटते. प्रत्येक नवीन पट्ट्याबरोबर प्रकाशगळती, उष्णता, वजन आणि चाचणीचे दिवस हे चारही वाढतात. त्या वाढीला "आता पुरे" म्हणणारे कोणीतरी लागते, आणि नेमके तेच तिथे नव्हते.

कारण निर्णय घ्यायची समिती तीन खात्यांची होती आणि एकमताने चालायची. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी नंतर नोंदवले की खरेदीचा अंतिम अधिकार ज्या संरक्षण अधिकाऱ्याकडे होता ते समितीच्या बैठकींना येतच नसत. पैसे निम्मे निम्मे असल्यामुळे एकाने हात आखडला की दुसऱ्याचाही हिस्सा अडायचा. मूळ अंदाज सुमारे साडेसहा अब्ज डॉलरचा होता, तो चौदा-पंधरा अब्जांवर गेला. खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला की संसदेसमोर खुलासा करावा लागतो असा कायदा तिकडे आहे. २००५-०६ मध्ये त्याचा बडगा बसला, उपग्रह सहावरून चार झाले आणि काही संवेदक काढून टाकले गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये लग्न मोडले. नोआ आणि नासा यांनी जेपीएसएस ही वेगळी मालिका सुरू केली. संरक्षण खात्याने आपला वेगळा प्रकल्प काढला, तोही २०१२ मध्ये रद्द झाला. सैन्याचा नवा हवामान उपग्रह प्रत्यक्ष उडाला तो एप्रिल २०२४ मध्ये. १९९४ पासून मोजा म्हणजे किती वर्षे गेली ते कळेल.

पण मुलीला याची दुसरी बाजूही सांगा, कारण नुसते "फसले" म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. या प्रकल्पाची धोके कमी करण्यासाठीची एक चाचणी-मोहीम होती, तिचा उपग्रह २८ ऑक्टोबर २०११ ला उडाला. तोच पुढे सुओमी एनपीपी. पाच वर्षांच्या हिशोबाने बनवलेल्या त्या उपग्रहाने रोजच्या हवामान अंदाजाचा भार उचलला. रात्रीच्या पृथ्वीवर दिव्यांच्या रांगा दिसणारी जी चित्रे आज सगळीकडे दिसतात, ती याच व्हीआयआयआरएसच्या रात्रीच्या पट्ट्यातून येतात. म्हणजे इंजिनियर कमी पडले नाहीत. हातात आलेले यंत्र उत्तमच होते. घोडं अडले ते कारभारात.

स्पेस शटल या पुन्हा पुन्हा वापरायच्या अमेरिकी यानाची गोष्ट याच्या आधीची. १९७० च्या सुमारास नासाला शटलसाठी राजकीय पाठबळ हवे होते, आणि हवाई दलाचे उपग्रहही शटलवरूनच जातील म्हटल्यावर ते मिळणे सोपे जाणार होते. हवाई दलाने अटी घातल्या. सामानाचा खण १५ फूट रुंद आणि ६० फूट लांब हवा. शिवाय ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून यान निघालेल्या तळावरच उतरले पाहिजे. तेवढ्या वेळात पृथ्वी खाली फिरून गेलेली असते, म्हणून उतरताना बाजूला सुमारे दोन हजार किलोमीटर सरकण्याची ताकद हवी. नासाच्या काही रचनाकारांच्या मनात लहान, सरळ पंखांचे यान होते. या अटीमुळे मोठे त्रिकोणी पंख आले, आणि पंखांबरोबर उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्सचा पसारा वाढला. एका फेरीची ती मोहीम शेवटपर्यंत एकदाही उडाली नाही. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावर शटलसाठी अब्जावधी डॉलर घालून प्रक्षेपण मंच बांधला. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला, हवाई दल पुन्हा आपल्या जुन्या रॉकेटांकडे वळले, आणि त्या मंचावरून एकही शटल उडाले नाही. ज्याने अट घातली तो बाजूला झाला, पण त्या अटीचे वजन यान २०११ पर्यंत वाहत राहिले. या उदाहरणाचे मला फार वाईट वाटते. विकासखर्चाचा मोठा भार नासावर होता, आणि आकार ठरवताना मात्र दुसऱ्याचा शब्द चालला.

आता याच देशातले उलटे उदाहरण घ्या. क्लेमेंटाइन हे छोटे यान २५ जानेवारी १९९४ ला निघाले. मालक एकच होता, क्षेपणास्त्र संरक्षणाची संघटना. तिला हलके कॅमेरे आणि संवेदक अवकाशातल्या किरणोत्सर्गात तपासून बघायचे होते. यान नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने दोन वर्षांच्या आत बांधले. नासाने शास्त्रज्ञांचा गट दिला आणि दूरच्या यानांशी बोलणाऱ्या आपल्या अँटेना दिल्या. कॅमेरे कशावर तरी रोखायचेच होते, मग चंद्रावर रोखले. दोन महिने चंद्राभोवती फिरून त्याने लाखो छायाचित्रे पाठवली, आणि ध्रुवाजवळच्या कायमच्या सावलीत बर्फ असू शकेल असा संकेत दिला. पुढे मे महिन्यात सॉफ्टवेअरच्या बिघाडाने इंधन संपले आणि त्यानंतर ठरलेली लघुग्रहाची भेट हुकली. तरी सैन्याला आपल्या संवेदकांची माहिती मिळाली आणि विज्ञानाला चंद्राचा नकाशा मिळाला. दोघांना वेगवेगळ्या गोष्टी मिळाल्या, पण यानाच्या आकारावर भांडण झाले नाही. यान कोणाचे आणि पाहुणा कोण, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

आपल्याकडे दोन भावांची सामाईक विहीर वर्षानुवर्षे चालते, कारण पाळी ठरलेली असते आणि मोटार कोणाच्या नावावर आहे ते सगळ्यांना माहीत असते. सामाईक यानातही नेमके हेच दोन मुद्दे कागदावर आधी यावे लागतात.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे चार प्रकारची भागीदारी उघड नोंदींतून दिसते, आणि प्रत्येकीत सांधा वेगळ्या जागी आहे.

सगळ्यात सोपी म्हणजे एकाने बनवायचे आणि दुसऱ्याने वापरायचे. नौदलासाठीचा जीसॅट-७ ऑगस्ट २०१३ मध्ये एरियन रॉकेटवरून गेला, हवाई दलासाठीचा जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ ला आपल्या जीएसएलव्हीवरून, आणि नौदलासाठीच सीएमएस-०३ हा चार टनांहून जड उपग्रह २ नोव्हेंबर २०२५ ला. इथे वापरणारा आपली गरज सांगतो, बनवणारा बनवून देतो. वाद झालाच तर तो गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातला असतो, आणि असे वाद सोडवायची रीत जगाला ठाऊक आहे.

दुसरी जरा नाजूक. १ एप्रिल २०१९ ला पीएसएलव्ही-सी४५ या रॉकेटवरून एमिसॅट हा ४३६ किलोचा उपग्रह सुमारे ७५० किलोमीटर उंचीवर सोडला गेला. उपग्रहाचा सांगाडा, म्हणजे आम्ही ज्याला बस म्हणतो तो, इस्रोच्या छोट्या उपग्रहांच्या आयएमएस-२ जातीचा. त्यावर बसणारे यंत्र म्हणजे पेलोड; विद्युतचुंबकीय लहरी टिपणारा तो पेलोड डीआरडीओचा, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा. इथे सांधा बस आणि पेलोड यांच्यामध्ये आहे. असा सांधा कसा सांभाळतात ते एमिसॅटचे म्हणून नव्हे, सर्वसाधारण सांगतो. आयसीडी नावाचा दस्तऐवज असतो, इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट. बोल्टची भोके कुठे, किती वॅट, किती व्होल्ट, कोणत्या कनेक्टरच्या कोणत्या पिनवर काय, तापमान किती ते किती, डेटा कोणत्या वेगाने, हे सगळे त्यात असते. आत काय चालते ते त्यात नसते, आणि गुप्ततेच्या दृष्टीने हीच त्याची किंमत आहे. पेलोडवाल्याला आपले गुपित उघडावे लागत नाही आणि बसवाल्याला ते विचारावे लागत नाही.

पण क्षीण लहरी ऐकणारे यंत्र असेल तर बसची स्वतःची विजेची खरखर त्याच्या कानात जाते. सोलर पॅनेलचा रेग्युलेटर, मोटारी, संगणकाचे घड्याळ, सगळे काही ना काही बडबडत असतात. म्हणून ईएमआय-ईएमसीच्या, म्हणजे एका यंत्राची खरखर दुसऱ्याला बाधते का ते बघणाऱ्या चाचण्या एकत्र कराव्याच लागतात, आणि तिथे दोन्हीकडची माणसे एका खोलीत येतात. सहकार्य खरे आहे की करारापुरते, ते त्या खोलीत दिसते. खरखर कमी करायची तर कोणीतरी ढाल वाढवायची, म्हणजे वजन घ्यायचे. ते वजन कोणाच्या खात्यात धरायचे? आयसीडीमध्ये हे आधीच लिहिलेले असेल तर प्रश्न दुपारच्या चहाआधी सुटतो. नसेल तर पत्रव्यवहार सुरू होतो, आणि पत्रव्यवहारात महिने जातात.

तिसरी भागीदारी म्हणजे एकाच उपग्रहाचा सिग्नल दोघांनी वापरायचा. नाविक, म्हणजे जागा आणि वेळ सांगणारी आपली जीपीएससारखी प्रणाली, तिचे उपग्रह २०१३ पासून जाऊ लागले. त्यात सर्वांसाठी खुली सेवा आहे, आणि अधिकृत वापरकर्त्यांसाठी वेगळी, सांकेतिक सेवा आहे. एकच घड्याळ, एकच कक्षा, पण सिग्नल दोन. तुमच्या मनातली "एकच करून दोघांनी वापरा" ही कल्पना इथे खरोखर शोभते, कारण कोळ्याला आणि सैनिकाला लागणारी मूळ गोष्ट एकच आहे: अचूक वेळ. मात्र सामाईक गोष्ट बिघडली की दोघांचेही एकदमच अडते. पहिल्या उपग्रहातली बाहेरून आणलेली अणुघड्याळे बंद पडली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटचे उष्णताकवच न उघडल्यामुळे वाया गेला. बदली उपग्रह पोचला एप्रिल २०१८ मध्ये. स्वदेशी अणुघड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला २९ मे २०२३ ला. बचतीचा हिशोब करताना हा धोकाही खर्चाच्या बाजूला मांडावा लागतो.

चौथी भागीदारी मला सगळ्यात जवळची वाटते, आणि तिचा एक भाग आपल्या रस्त्यावरच आहे. बेळगावहून बंगळूरला हायवेने जाताना चित्रदुर्ग लागते. त्या जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ डीआरडीओचे वैमानिक चाचणी क्षेत्र आहे. २ एप्रिल २०२३ ला हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने इस्रोचे पंखवाले यान तिथे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले, आणि ते स्वतःच्या बुद्धीने धावपट्टीवर उतरले. मार्च आणि जून २०२४ मध्ये अधिक अवघड परिस्थितीत तीच चाचणी पुन्हा झाली. यान इस्रोचे, धावपट्टी डीआरडीओची, हेलिकॉप्टर हवाई दलाचे. कोणीही दुसऱ्याच्या यंत्राचा आकार बदलायला लावला नाही. प्रत्येकाने आपल्याकडे आधीच असलेली गोष्ट दिली. असे क्षेत्र, असे हेलिकॉप्टर इस्रोने स्वतःसाठी उभे करायचे म्हटले असते तर किती पैसा आणि किती वर्षे गेली असती! तुम्ही म्हणता ती बचत खरी आहे, पण ती इथे आहे. यान एक करण्यात ती सापडत नाही.

माणसे अवकाशात नेण्याच्या गगनयान मोहिमेतही हाच नमुना दिसतो. यान इस्रोचे. अंतराळवीर हवाई दलाचे वैमानिक, आणि त्यांची निवड बंगळूरच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत झाली. खाणे म्हैसूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचे. अंतराळवीर ज्यात बसून परततात ती कुपी समुद्रातून उचलायची जबाबदारी नौदलाची, आणि २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत नौदलाने बंगालच्या उपसागरातून ती उचलून दाखवली. पॅराशूट आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओ प्रयोगशाळेबरोबर केलेली. एकूण दहा पॅराशूट ठरलेल्या क्रमाने उघडतात: आधी झाकण ओढून काढणारी दोन, मग वेग मोडणारी दोन, मग मुख्य पॅराशूटना बाहेर खेचणारी तीन, आणि शेवटी तीन मुख्य. मुख्य तिन्हींपैकी दोन उघडली तरी माणसे सुखरूप उतरतात. २४ ऑगस्ट २०२५ ला चिनूकने सुमारे पाच टनांची नकली कुपी तीन किलोमीटरवरून सोडून हा क्रम तपासला गेला. रणगाडे आणि सैनिक विमानातून खाली सोडण्याचा सैन्याचा अनेक दशकांचा अनुभव इथे अंतराळवीरांच्या जिवासाठी वापरला जातो. पॅराशूट भरणाऱ्या माणसाच्या बोटांत जे ज्ञान असते ते अहवालातून उचलता येत नाही, माणसांबरोबर काम करूनच ते मिळते.

मग इस्रो इतकी वर्षे सैन्यापासून अंतर ठेवून का होती, हेही मुलीला कळायला हवे. एसएलव्ही-३ हे इस्रोचे उपग्रह सोडणारे पहिले रॉकेट जुलै १९८० मध्ये यशस्वी झाले, १९८२ मध्ये कलाम साहेब इस्रोतून डीआरडीओत गेले, आणि अग्नीच्या पहिल्या चाचणी-क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा त्याच एसएलव्ही-३ वरून घेतलेला होता. जगाने त्यावर बोट ठेवले. १९९२ मध्ये अमेरिकेने क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाच्या व्यवहारावरून इस्रोवर निर्बंध घातले, १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर आणखी घातले, आणि इस्रोच्या शाखा त्या यादीतून बाहेर आल्या जानेवारी २०११ मध्ये. मधल्या काळात एकेका सुट्या भागासाठी किती वणवण झाली ते त्या पिढीला विचारा. म्हणून नागरी संस्थेचा नागरी चेहरा जपणे हे भिडस्तपणाचे काम नव्हते, त्यात रोकडा फायदा होता. ३० जुलै २०२५ ला उडालेला, रडारने पृथ्वी बघणारा निसार उपग्रह नासा आणि इस्रो यांनी मिळून केला आहे आणि त्याची माहिती जगाला खुली आहे. त्याच सांगाड्यावर एखादा गुप्त संवेदक बसवायचा ठरला असता तर नासाबरोबरचा करार इतका मोकळा राहिला नसता, असे माझे मत आहे.

तर वडील-लेकीच्या वादात माझा कौल असा. सुटे भाग, चाचणी केंद्रे, रॉकेट, बस, कौशल्य हे सगळे सामाईक करा, जितके जास्त तितके चांगले. मोहिमेचा हेतू आणि त्यावरचा अधिकार एकाकडेच ठेवा.

आता तुमच्या शॉपचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीसाठी ५२ उपग्रहांचा कार्यक्रम मंजूर झाला आणि त्यातले ३१ खाजगी उद्योग बनवणार असे जाहीर झाले आहे. म्हणजे इस्रोची पद्धत आणि संरक्षण खात्याची पद्धत एकाच कामात भेटण्याचे प्रसंग वाढत जाणार, आणि अशा चौकशा उद्यमबागेत येत राहणार. आपल्याकडे हात चांगले आहेत. पंप, हायड्रॉलिक्स, ऑटोचे कास्टिंग यांत बेळगावने नाव कमावले आहे, आणि हत्तरगीच्या वसाहतीत प्रवासी विमानांचे भाग होतात. मशीनिंगमध्ये तुम्ही कमी पडणार नाही. कस लागेल तो कागदात.

ऑटोच्या कामात लॉट चालतो. इथे प्रत्येक नगाला स्वतःची जन्मकुंडली लागते. ॲल्युमिनियम असो की सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमवाले टायटॅनियम, बारचा हीट नंबर, म्हणजे तो धातू कोणत्या वितळणीतला ते सांगणारा क्रमांक, कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर पुढे न्यावा लागतो, आणि उरलेला तुकडाही नोंदीशिवाय रॅकवर ठेवता येत नाही. हीट ट्रीटमेंट, ॲनोडायझिंग, बारीक भेगा शोधणारी डाय पेनिट्रंट चाचणी या गोष्टी तुम्ही बाहेर करून घेत असाल, तर ते बाहेरचे दुकान मान्यताप्राप्त आहे का, आणि कोणाची मान्यता? नागरी बाजूची मान्यता सैनिकी बाजूला चालेलच असे गृहीत धरू नका. लेखी विचारून घ्या.

दोन्हीकडच्या कामात दोन तपासनीस येतात. एक इस्रोच्या पद्धतीने बघतो, दुसरा संरक्षणाच्या गुणवत्ता यंत्रणेच्या पद्धतीने. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. एका ओळखीच्या शॉपमध्ये तयार माल खोक्यात पडून राहिला होता, कारण एका बाजूच्या हातात ड्रॉइंगची सी रिव्हिजन होती आणि दुसरीकडे डी निघालेली होती. बदल एका भोकाच्या चॅम्फरचा, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडेचा होता. शॉपची काही चूक नव्हती, पण भांडवल त्यांचे अडकले. म्हणून कोटेशन देण्याआधी क्वालिटी प्लॅन मागा, आणि तो एकच हवा, दोघांच्या सहीचा. कोणत्या पायरीला काम थांबवून तपासनीसाची वाट बघायची, त्या पायऱ्या त्यात नाव घेऊन लिहिलेल्या हव्यात. ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार कोणत्या एका कचेरीकडे आहे, आणि काम सुरू झाल्यावर बदल आला तर फेरकामाचे पैसे कोण देणार, हेही पर्चेस ऑर्डरमध्ये यावे. डेव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगपासूनचा थोडा फरक चालवून घेण्याची परवानगी, मागायची वेळ आली तर सही कोणाची चालेल, हे आधी ठरलेले नसेल तर तो नग स्क्रॅपमध्ये गेला असेच समजा.

गुप्ततेच्या करारावर सही करताना तुमच्या ऑपरेटरांनाही समोर बसवा. ड्रॉइंगचा फोटो फोनवर काढून प्रोग्रॅमरला पाठवायची सवय आपल्या सगळ्या शॉपमध्ये आहे. या कामात ती चालत नाही. वेगळे कपाट, वेगळा संगणक, नंबर टाकलेल्या प्रती, आणि काम संपल्यावर त्या परत केल्याची पावती. याचा खर्च कोटेशनमध्ये धरा, लाजू नका.

पैशाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, आणि माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे धरतात. पण तपासणी तुमच्याच शॉपमध्ये, माल निघण्याआधी व्हायची असेल आणि दुसऱ्या बाजूचा तपासनीस आलाच नाही, तर माल पोचतच नाही आणि ते दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून तपासणीचे बोलावणे दिल्यापासून किती दिवसांत यायचे, आणि नाही आले तर एकाच्या तपासणीवर माल पाठवता येईल का, ही दोन वाक्ये ऑर्डरमध्ये घालून घ्या. ती घालायला समोरचे तयार असतील तर काम जरूर घ्या, पहिल्यांदा थोड्या नगांचे. तयार नसतील तर त्यांना विचारा की या प्रकल्पात शेवटची सही कोणाची आहे. नाव सांगता आले नाही तर सध्या थांबा.

मुलीला माझा निरोप द्या. एरोनॉटिक्सची पोरे सगळी रॉकेटच्या इंजिनाकडे धावतात. आयसीडी लिहिणारी, ईएमसीची चाचणी समजणारी आणि दोन संस्थांच्या माणसांशी कन्नड, हिंदी, इंग्रजीतून न चिडता बोलू शकणारी माणसे मात्र कमी पडतात. कॉलेजच्या छोट्या उपग्रहाच्या प्रकल्पात जागा मिळाली तर तिने इंटरफेसचे काम मागून घ्यावे. सुट्टीत बेळगावला आली की माझ्याकडे पाठवा, एक नमुन्याचा आयसीडी मी तिच्याकडून लिहून घेईन. तुमचा क्वालिटी प्लॅन आला की तोही घेऊन या, थांबण्याच्या पायऱ्या आपण बसून बघू.